वाळूचा झारा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा दोह्याहून आला, तो बॅगेत एक मेटल डिटेक्टर घेऊन. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, रेवदंड्याच्या बाजूला राहते. घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. तिकडे आखातात त्याच्यासोबत काम करणारी काही मंडळी सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर यंत्र फिरवून लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या, साखळ्या, नाणी शोधतात म्हणे. त्यालाही तो नाद लागला.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघं किनाऱ्यावर गेलो. यंत्र वाजलं, आम्ही हातांनी वाळू उकरली. ओल्या वाळूत खड्डा काढणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. चार बोटं खोल गेलो की कडा ढासळतात, पाणी भरतं. ज्या वस्तूवर यंत्र वाजलं ती वस्तू एव्हाना आणखी खाली गेलेली असते किंवा आपणच बाजूला फेकलेल्या ढिगाऱ्यात असते. तासाभरात आमच्या हाती एक बाटलीचं टोपण लागलं आणि नखात वाळू गेली ती वेगळी.

"मामू, स्कूप पाहिजे," भाचा म्हणाला आणि मोबाइलवर त्याने फोटो दाखवला. लांब दांड्याला बसवलेली स्टेनलेस स्टीलची बादली, पुढून तिरकी कापलेली, अंगभर भोकं. वाळूत खुपसायची, उचलायची, लाटेत हलवायची. वाळू गळून जाते, वस्तू आत राहते.

मी सहज बोलून गेलो, "अरे, हा तर झारा."

बुंदीचा झारा माझ्या डोळ्यांपुढे होता. पण शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या अम्मीचा हात थांबला. ती काही बोलली नाही. ताट उचलून आत निघून गेली.

तिचं ते उठून जाणं मला ओळखीचं होतं. आमच्या घरात 'झारा' हा शब्द फक्त तळणाच्या संदर्भात चालतो. त्याच्यापुढे 'करी' हा प्रत्यय लागला की जो शब्द होतो तो अम्मीने आयुष्यभर टाळला. तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या नानांचं, शाळेच्या दाखल्यावरचं आडनाव झारेकरी होतं. अम्मीच्या लग्नानंतर मामांनी ते बदलून शेख करून घेतलं.

झारेकरी म्हणजे कोण, हे आज सराफ बाजाराच्या बाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. सोनाराच्या दुकानात काम होतं तेव्हा सोन्याचा कीस उडतो. कानशीने घासताना, कापताना, पॉलिश करताना. तो जमिनीवर पडतो, कारागिराच्या कपड्यांत अडकतो, चुलीच्या राखेत मिसळतो, हात धुतलेल्या पाण्यातून मोरीत जातो. हा सगळा केर, राख, फुटक्या मुशींचे तुकडे, जुनी पायपुसणी वर्षाच्या बोलीने विकत घेणारा आणि त्यातून सोनं-चांदी परत काढणारा तो झारेकरी. गुजरातेत आणि खानदेशात त्यालाच धूळधोया म्हणतात, उत्तरेत न्यारिया. न्यारा म्हणजे वेगळा. मातीपासून धातू वेगळा करतो तो न्यारिया.

मुंबईच्या झवेरी बाजारात आजही रात्री उशिरा दुकानं बंद झाल्यावर रस्ता आणि गटारं झाडणारी माणसं दिसतात. पाहणाऱ्याला ते सफाई कामगार वाटतात.

या धंद्याची नोंद मात्र मोठ्या दरबारात झालेली आहे. अकबराच्या टांकसाळीचं वर्णन करताना अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त दरोगा, सराफ, अमीन यांच्याबरोबर तिथल्या कामगारांचीही यादी दिली आहे. त्या यादीत न्यारिया आहे. सोनं शुद्ध करून उरलेली राखमाती, 'खाक-ए-खलास', तो घरी नेतो आणि धुतो, जड असल्यामुळे सोनं तळाशी बसतं, उरलेल्या गाळात शेराला सहा मासे या हिशेबाने पारा घालून घोटतो, पाऱ्याला सोनं चिकटतं, मग विस्तवावर पारा उडवून सोनं वेगळं करतो. एवढं बारकाईने ते लिहिलेलं आहे. बादशहाच्या ग्रंथात केर धुणाऱ्याला जागा मिळाली, कारण त्या केरातही बादशाही सोनं होतं आणि त्यावरही सरकारची वसुली होती. हिशेब ठेवणाऱ्या राजवटीच्या नजरेतून सहसा कोणी सुटत नाही.

त्यानंतर तीनशे वर्षांनी इंग्रजांनी मुंबई इलाख्याचे जिल्हावार गॅझेटियर छापले. त्यांत बागवान, पिंजारी, सैकलगार, नालबंद, कलईगर अशा मुसलमान कारागीर जातींच्या रांगेत झारेकरीही भेटतात. पुष्कळ जातींपुढे एक ठरलेलं वाक्य आहे: हे मूळचे हिंदू, यांना औरंगजेबाने बाटवलं असं सांगतात. बागवानाला औरंगजेब, तांबटाला औरंगजेब. मला हे वाक्य नेहमी आळशी वाटत आलं आहे. एखाद्या गावात कारागिरांची एक फळी मुसलमान का झाली, कधी झाली, कोणत्या दर्ग्याच्या सावलीत झाली, की ज्या पेठेत गिऱ्हाईक होतं तिथे राहता राहता झाली, हे शोधण्याचे कष्ट वाचवायला औरंगजेब सोयीचा होता. आजही तो तसाच सोयीचा आहे. सोनाराची राख धुणाऱ्या माणसाचा कलमा कोणता हे तपासत बसायला बादशहा दख्खनेत आला होता, असं मानायला मला जड जातं.

आणि हा धंदा एकट्या मुसलमानांचा कधीच नव्हता. हिंदू झारेकरी आहेत. पूर्वेकडे, जुन्या मध्य प्रांतात, नदीच्या वाळूतून सोन्याचे कण धुणारे सोनझारी आहेत. रसेलने १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ छापला त्यात सोनझाऱ्यांवर वेगळं प्रकरण आहे आणि त्यांच्या जिल्ह्यांत बालाघाट, मंडला यांच्यासोबत चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, आहे. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत गोंडांच्या पोटनावांमध्ये 'सोनझारी झारेका' हे नाव आजही वाचायला मिळतं. गोंड असो, हिंदू असो, मुसलमान असो, नावात 'झार' कायम आहे. काम एकच, हातातलं साधन एकच.

नानांचं काम मी लहानपणी थोडं पाहिलेलं आहे. सोलापूरच्या त्या घरामागे एक हौद होता. केर आधी जाळायचा, म्हणजे चिंध्या आणि केस जळून जातात. मग राख खलबत्त्यात कुटायची. मग झारे. तीन झारे होते, भोकं मोठी, मधली, बारीक. चाळलेल्या मातीवरून लोहचुंबक फिरवायचा, म्हणजे कानशीचा लोखंडी कीस निघतो. उरलेलं परातीत घालून हौदात बुडवायचं आणि परात अशी फिरवायची की हलकं काठावरून वाहून जाईल आणि जड मध्ये राहील. ते फिरवणं बघायला मला फार आवडायचं. पाण्याचा एक थेंबही बाहेर न सांडता माती नाहीशी होत जायची. शेवटी तळाला एक काळी रेघ उरायची. त्यात पारा, मग पारा कापडातून पिळायचा, मग विस्तव, टाकणखार, मूस. चांदी वेगळी करायला शोऱ्याचा तेजाब, आणि तेजाबातली चांदी परत मिळवायला त्यात तांब्याचा तुकडा.

नानांचे हात कापायचे. चहाची बशी धरली की कपबशीचा आवाज यायचा. आम्ही मुलं त्याची नक्कल करायचो. म्हातारपण, असं घरात सगळे म्हणायचे. ते वारले तेव्हा साठीचेसुद्धा नव्हते. बंद खोलीत पारा उडवणाऱ्या माणसाचे हात का कापतात हे मला पुष्कळ वर्षांनी, पाऱ्याच्या विषबाधेवरचा एक लेख वाचताना उमगलं. मी तो लेख तिथेच बाजूला ठेवला होता.

पण मी सांगत होतो वाळूच्या झाऱ्याचं.

आम्ही आधी विकत घ्यायचा विचार केला. परदेशी बनावटीचे स्कूप मिळतात, पण मागवायचे म्हणजे यंत्राच्या निम्म्या किमतीचा मामला. तेव्हा घरीच बनवायचं ठरलं. पहिला प्रयोग स्वस्तातला: सांडपाण्याचा चार इंची पीव्हीसी पाईप, दीड फूट लांब. एक तोंड तिरकं कापलं, दुसऱ्याला बूच बसवलं, ड्रिलने बारा मिलिमीटरची भोकं पाडली. कोरड्या वाळूत उत्तम चाललं. गुडघ्यावर बसून चमच्यासारखं खुपसायचं आणि हलवायचं. ओल्या वाळूत दुसऱ्याच दिवशी पुढची कड तडकली. भरतीच्या रेषेखालची वाळू दाबलेली असते, तिथे प्लास्टिकचं चालत नाही.

दुसरा प्रयोग फॅब्रिकेशनच्या दुकानात. दीड मिलिमीटर जाडीचा भोकांचा स्टील पत्रा, त्याचा डबा, मागे खिडकीच्या ग्रिलचा पाईप दांडा म्हणून. वेल्डरने मन लावून काम केलं, पण त्याने पुढच्या कडेपर्यंत भोकांचाच पत्रा वापरला आणि दांडा सरळ जोडला. वाळूत पाय देऊन दाबताच कड भोकांच्या ओळीत दुमडली. दांडा सरळ असल्यामुळे उचलताना सगळा भार मनगटावर यायचा. स्कूपची पुढची चार बोटं रुंद पट्टी भोकांशिवायची, जाड आणि धारदार हवी. दांडा मागे कललेला हवा, म्हणजे पायाने दाबून नुसता मागे खेचला की वाळू आपोआप उचलली जाते. हे आम्ही एक पत्रा वाया घालवून शिकलो.

तो वाकडा झालेला डबा अंगणात पडला होता. अम्मी तुळशीसाठी माती आणायला बाहेर आली. माझ्या बहिणीकडे तुळस आहे, खोकल्याला लागते म्हणून. तिने डबा उचलला, आत बोट फिरवलं आणि म्हणाली,

"छेदां बाहर से मारे क्या रे? अंदर से मारते. बाहर से मारे तो चुरचुर अंदर रहती, रेत अटकती."

मी आणि भाचा दोघंही गप्प. खरोखरच, दुकानदाराने पत्रा उलटा वळवला होता. भोक पाडताना पत्र्याची बारीक धार ज्या बाजूला उठते ती बाजू आत आली होती. ओली वाळू तिथेच धरून राहत होती.

"नानी, आपको कैसे मालूम?" भाच्याने विचारलं.

"मेरे बाप का था ना. डालडे के डब्बे का."

त्या संध्याकाळी ती बोलली. मी जे सांगतो आहे ते तिच्या तुटक बोलण्यावरून, आणि तारखा माझ्या वाचनातून.

जानेवारी १९६३ मध्ये, चीनच्या युद्धानंतर, केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभर सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. सोनारांच्या मोर्च्यांबद्दल, त्यांच्या आत्महत्यांबद्दल, संसदेतल्या गदारोळाबद्दल आपल्याला वाचायला मिळतं. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. हे सगळं अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आहे. सोनाराच्या मागे एक झारेकरी होता, भट्टी थंडावली तर त्याच्या हौदात काय पडणार, याची ओळ मला कुठल्या पुस्तकात भेटलेली नाही. सोनाराला निदान पर्यायी कर्जाच्या, नोकरीच्या घोषणा ऐकायला मिळाल्या. केराच्या मालकाला घोषणा कोण देणार.

अम्मी तेव्हा सतरा वर्षांची होती. घरात केर येणं बंद झालं. वर्षाच्या बोलीचे पैसे आगाऊ दिलेले, ते बुडाले. त्या वर्षी आषाढीनंतर नाना पंढरपूरला गेले. वारी उलगल्यावर चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो पावलांखालची वाळू मोकळी पडते. लोकांनी देवाला म्हणून नदीत टाकलेली नाणी, गर्दीत सुटलेल्या साखळ्यांचे तुकडे, जोडवी, मणी, सगळं त्या वाळूत. ती वाळू चाळणारे लोक आधीपासून होते. नानाही त्यांच्यात जाऊन बसले. डालड्याच्या डब्याला आतून खिळ्याने भोकं पाडून, बाभळीचा दांडा ठोकून केलेला झारा त्यांच्या हातात होता.

पंढरपूरच्या वाळूतही त्यांना फार काही मिळालं नाही, आणि त्याचं कारण अम्मीने जे सांगितलं ते ऐकून मी रात्री उठून नाण्यांवरचं पुस्तक काढलं. ती म्हणाली, सुरुवातीला नाना चाळून, मग धुऊन नाणी काढायचे, दोनेक वर्षांनी धुणं चालेनासं झालं, "पैसे पानी में बह जाते थे." पैसे वाहून कसे जातील? उत्तर टांकसाळीत आहे. १९६४ पासून सरकारने छोटी नाणी अॅल्युमिनियमची काढली: आधी षटकोनी तीन पैसे, मग १९६५ मध्ये चौकोनी एक पैसा, पुढे दोन आणि पाच पैसेही. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९. साध्या वाळूची साधारण २.६५. आणि अॅल्युमिनियमची २.७. झारेकऱ्याची सगळी विद्या एका गोष्टीवर उभी आहे, धातू वाळूपेक्षा जड असतो. परातीत गोल फिरवलं की जड मध्ये राहतं. हे नवं नाणं वाळूइतकंच हलकं होतं. पातळ आणि चपटं असल्यामुळे ते उलट आधी वाहून जायचं. अकबराच्या न्यारियापासून चालत आलेली युक्ती तीन पैशांच्या नाण्यापुढे निरुपयोगी झाली. राहिला फक्त झारा. जे भोकातून जात नाही ते आपलं.

एके वर्षी अम्मीच्या वर्गातल्या दोन मुली घरच्यांबरोबर पंढरपूरला गेल्या होत्या. त्यांनी नानांना वाळवंटात पाहिलं. शाळेत परत आल्यावर काय झालं हे अम्मीने सांगितलं नाही. "फिर मैं स्कूल नहीं गई," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

आम्ही तिसरा झारा केला तो तिला विचारून. बारा मिलिमीटरची भोकं तिला मोठी वाटत होती. आम्ही म्हटलं, अंगठीचा बाहेरचा व्यास वीस मिलिमीटरच्या आसपास असतो, बारकं भोक केलं तर शंख-शिंपल्यांनीच डबा भरतो. तिने ते मानलं, पण म्हणाली, "नीचे परात रखो." आधी झाड, मग धू. झाऱ्यातून जे गळतं ते सोडायचं नाही, परातीत घ्यायचं. किनाऱ्यावर यंत्र घेऊन फिरणारी मंडळी पाण्यातच स्कूप हलवतात आणि गळलेलं लाटेला देऊन टाकतात. अंगठी शोधायची असेल तर ते ठीक आहे. पण चमकी, मणी, साखळीचा तुटका फासा यांना बारा मिलिमीटर म्हणजे दरवाजा.

इथे मला एक जुनं नाणं आठवलं. कोकणच्या या बंदरांत सोळाव्या-सतराव्या शतकात लारी चालायची. इराणच्या दक्षिणेकडच्या लार या शहरावरून तिचं नाव. ती गोल नव्हतीच: चांदीची तार दुमडून चिमट्यासारखी केलेली, त्यावर ठसा, वजन पाच ग्रॅमच्या जरा आत. होर्मुझपासून सिलोनपर्यंत व्यापारी ती घेत. विजापूरच्या आदिलशहांनीही तशा लारी पाडल्या. बोटाएवढी लांब पण तारेएवढी बारीक. अशी वस्तू कुठल्याही झाऱ्यात उभी झाली की भोकातून सरळ निसटणार. चौल-रेवदंड्याच्या वाळूत लारी असेलच असं मी म्हणत नाही. पण झाऱ्याचं भोक किती ठेवायचं हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. तुम्ही कोणत्या काळातलं शोधताय त्यावर तो ठरतो.

भाच्याच्या डोक्यात मात्र लारी ऐकताच खजिना शिरला. तेव्हा त्याला दोन गोष्टी सांगणं भाग पडलं. एक, १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, नाहीतर वर्षभर कैद होऊ शकते. दहा रुपये ही रक्कम १८७८ मध्ये मोठी होती, आज त्यात एक चहा येतो, पण कायद्यातला आकडा तोच आहे. आणि संरक्षित किल्ल्यांच्या, लेण्यांच्या आवारात यंत्र घेऊन खणायचं नावही काढायचं नाही. दोन, आपल्या फिकहमध्येही हा विषय फार जुना आहे. कुणाचं तरी हरवलेलं सापडलं तर तो लुकता, त्याची वर्षभर दवंडी द्यायची, मालक आला तर परत करायचं. फार जुन्या काळचं पुरलेलं धन सापडलं तर तो रिकाज, त्यातला पाचवा हिस्सा समाजाचा. समुद्राने बाहेर टाकलेल्या अंबरावर पाचवा हिस्सा द्यायचा का, यावर इब्न अब्बास यांच्यापासून चर्चा आहे. ते म्हणत, ती तर समुद्राने फेकलेली वस्तू आहे, तो रिकाज नव्हे. भाचा म्हणाला, "मामू, आधी सापडू तर दे."

यंत्राची हकीकत त्याला जास्त आवडली. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, ती शरीरात कुठे अडकली हे शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल स्वतःचं यंत्र घेऊन गेले, पण बिछान्यातल्या स्प्रिंगांमुळे ते नुसतं वाजत राहिलं. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी कोसात्स्की याने सुरुंग शोधण्याचं हातातलं यंत्र बनवलं आणि १९४२ मध्ये अल अलामीनच्या वाळवंटात ते कामी आलं. युद्ध संपल्यावर अशी यंत्रं भंगारात निघाली आणि हौशी लोकांच्या हाती आली. म्हणजे यंत्राचं वय शंभर-दीडशे वर्षं. त्याच्या मागून चालणाऱ्या झाऱ्याचं वय कोणी मोजलेलं नाही.

तिसरा झारा चांगला झाला. बाजू आणि तळ भोकांच्या पत्र्याचे, धार बाहेर. पुढे तीन मिलिमीटर जाडीची कोरी पट्टी, आर्गॉन वेल्डिंगने जोडलेली. मागे पाय द्यायला आडवी सळई. दांडा फावड्याचाच, लाकडी, कललेला. लाकडी यासाठी की लोखंडी दांडा जवळ आला की यंत्र त्याच्यावरच वाजतं. वजन तीन किलोच्या आत.

शेवटच्या रविवारी ओहोटीला आम्ही गेलो. अम्मीही आली, खुर्ची घेऊन, गुडघ्यांमुळे. परात तिच्यापुढे. रेवदंड्याची वाळू काळपट आहे. तिच्यातल्या लोहखनिजामुळे साधं यंत्र चळतं आणि खाऱ्या पाण्याजवळ तर आणखीच. त्यामुळे आम्ही भरतीच्या रेषेच्या वर, लोक बसतात तिथेच, फिरत राहिलो. दोन तासांत निघालं ते असं: जाळ्याला बांधायची शिशाची सात वजनं, बाटल्यांची टोपणं पुष्कळ, कुलपाची एक चावी, तीन खिळे, दोन रुपयांचं नाणं, रुपयाची दोन. शिसं बाजूला ठेवलं, संध्याकाळी शेजारच्या कोळ्यांना देऊन टाकलं.

अम्मी परात फिरवत होती. समुद्राचं पाणी भाचा बादलीतून आणून देत होता. मी तिला ते करताना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. साठ वर्षं हात न लावलेल्या माणसाचं ते फिरवणं वाटत नव्हतं. वाळू काठावरून पातळ चादरीसारखी उतरत होती. तिथली काळी वाळू साध्या वाळूपेक्षा जड, त्यामुळे ती तळाला राहत होती आणि अम्मी तिच्यावर चिडत होती. "ये कैसी रेत है, जातीच नहीं." दोन-चार माणसं येऊन उभी राहिली. एका बाईंनी विचारलं, आजी काय करताय? मी उत्तर द्यायच्या आत अम्मी म्हणाली, "झारेकरी आहे मी. आमचं कामच आहे हे."

शुद्ध मराठीत म्हणाली.

परातीतल्या काळ्या रेघेत एक पिवळा ठिपका निघाला. चमकी, देठ तुटलेली. भाचा ओरडलाच. अम्मीने ती करंगळीच्या टोकावर घेतली, चष्मा वर केला, जिभेवर ठेवून काढली, उन्हात धरली.

"पीतल है," ती म्हणाली आणि तिने ती परत त्याच्या हातावर ठेवली. मग परात पालथी करून आपटली आणि आणखी वाळू मागितली.